न आलेल्या तापाचे देणे

देण्याघेण्याची भाषा आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की, जिथे पैशाचा काडीमात्र संबंध नाही तिथेही आपण ती वापरतो. आपण उपकार फेडतो, सूड व्याजासकट घेतो आणि पाप खात्यावर जमा करतो. एरवी या सवयीत काही बिघडत नाही. परंतु कधी कधी हा हिशेबी शब्द अशा जागी जाऊन बसतो की, त्याच्यामुळे आपला न्यायान्यायाचा विचारच वाकडा होतो. गेल्या काही वर्षांत आजारपणाच्या बाबतीत असा एक शब्द प्रचारात आला आहे. इंग्रजीत त्याला ‘इम्युनिटी डेट’ म्हणतात. आपण त्याला प्रतिकारशक्तीचे कर्ज म्हणू. हे कर्ज कोणी कोणाकडून काढले, ते कोणी फेडायचे आणि मुळात ते कर्ज आहे काय, या प्रश्नांनी माझा बराच पिच्छा पुरवला आहे. सणासुदीच्या अंकात तापखोकल्याचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. दिवाळीत आजीआजोबा आणि नातवंडे एका पंगतीला बसतात, आणि हा विषय त्या पंगतीचाच आहे, हे पुढे दिसून येईल.

आधी घडले काय, ते सांगतो. २०२० साली कोविडची साथ जगभर पसरली. शाळा बंद झाल्या, विमाने थांबली, माणसे घरात बसली आणि तोंडावर मुखपट्ट्या आल्या. हा सारा बंदोबस्त कोविडसाठी होता. पण त्याचा जबर तडाखा बसला तो इन्फ्ल्युएंझाला, म्हणजे ज्याला आपण घरी नुसते ‘फ्ल्यू’ म्हणतो त्याला. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सुमारास थंडी असते आणि तेव्हा तिथे फ्ल्यू बोकाळतो. २०२० च्या एप्रिल ते जुलै या महिन्यांत ऑस्ट्रेलिया, चिली आणि दक्षिण आफ्रिका या देशांत मिळून ८३,३०७ नमुने तपासले गेले. त्यांत फ्ल्यू सापडला अवघ्या ५१ नमुन्यांत. पुढे अमेरिकेतल्या हिवाळ्यातही हेच झाले. तिथे २०१९-२० च्या हंगामात फ्ल्यूने दगावलेल्या मुलांची नोंद १९९ होती. २०२०-२१ च्या हंगामात ती १ वर आली. माणसांत दरसाल फिरणाऱ्या फ्ल्यूच्या चार प्रकारांपैकी ‘बी-यामागाता’ नावाचा एक प्रकार तर मार्च २०२० नंतर खात्रीलायकपणे कोठे आढळलेलाच नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तो लशीतून वगळण्याची शिफारस केली.

कोविड राहिला आणि फ्ल्यू मात्र गेला, असे का व्हावे? कारण फ्ल्यूची दौड मुळात तोकडी आहे. नेहमीच्या हंगामात फ्ल्यूच्या एका रोग्यापासून सरासरीने पुऱ्या दोघांनाही लागण होत नाही. आणि ती होत नाही याचे एक मोठे कारण असे की, त्याच्या वाटेवर आधीच पुष्कळ माणसे अशी उभी असतात, ज्यांच्या अंगात मागच्या तापाची किंवा मागच्या लशीची आठवण शिल्लक आहे. साथ त्यांच्यापाशी येऊन थबकते. या आठवणींच्या बेरजेलाच समाजाची प्रतिकारशक्ती म्हणतात. कोविडच्या काळात या जुन्या बांधाला नवा बंदोबस्त येऊन मिळाला, आणि तोकड्या दौडीचा फ्ल्यू जागच्या जागी खुंटला.

या बांधाचे स्वरूप नीट कळावे म्हणून गोवराशी तुलना करू. डेन्मार्कच्या ताब्यातल्या फेरो बेटांवर १८४६ साली गोवराची साथ आली. बेटांवर ७,७८२ माणसे होती; त्यांपैकी सहा हजारांच्या आसपास आजारी पडली. पीटर पानुम नावाचा एक तरुण डॉक्टर तिथे पाहणीला गेला होता. त्याच्या ध्यानात आले की, १७८१ च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर येऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा आला नाही. मधल्या पासष्ट वर्षांत बेटांवर गोवर नव्हता, तरी शरीर विसरले नव्हते. गोवराची आठवण अशी दगडावरची रेघ आहे. फ्ल्यूची आठवण पाटीवरच्या पेन्सिलीची. दोन बाजूंनी ती पुसली जाते. एक तर शरीर स्वतःच हळूहळू विसरते. आणि दुसरे म्हणजे, विषाणू दरसाल थोडेथोडे रूप पालटतो, त्यामुळे ओळख असूनही ओळख पटत नाही. म्हणून फ्ल्यूविरुद्धचा समाजाचा बांध एकदा घालून भागत नाही. नदीकाठच्या शेतकऱ्याने दर पावसाळ्यापूर्वी माती ओढावी, तशी त्याची दरसाल डागडुजी व्हावी लागते. ती आजवर बहुतांशी आजारपणानेच होत आली आहे, आणि थोडीबहुत लशीने.

आता दोन वर्षे फ्ल्यू आलाच नाही, याचा अर्थ दोन वर्षे डागडुजीही झाली नाही. पुढे निर्बंध उठले आणि २०२२ साली ऑस्ट्रेलियात फ्ल्यूचा हंगाम नेहमीपेक्षा लवकर सुरू झाला. अमेरिकेत २०२२-२३ ची लाट डिसेंबरच्या सुमारासच शिगेला पोचली. आपल्याकडे २०२३ च्या आरंभी ‘एच३एन२’ हे नाव वर्तमानपत्रांतून घरोघरी गेले. या उसळीतला किती भाग खचलेल्या बांधामुळे आणि किती अन्य कारणांनी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण बांध खचला होता, ही गोष्ट समजण्यासारखी आहे.

त्या सुमारास आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मला भेटले. त्यांची सारी हयात सहकारी बँकेत गेलेली. ते म्हणाले, “अहो, निसर्गाच्या वहीत खाडाखोड नसते. दोन वर्षे तुम्ही हप्ते चुकवलेत. आता थकबाकी व्याजासकट वसूल होणार. पोरांना आजारी पडू द्यायला हवे होते.” मी म्हटले, “आणि एखादे पोर त्यात गेले असते तर?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तसे माझे म्हणणे नाही हो. पण कधी ना कधी ते भरावे लागणारच ना?”

माणूस दुष्ट नाही. नातवाच्या अंगाला नुसती कणकण आली तरी रात्रभर उशाशी बसणारा आहे. तो जे बोलला ते त्याच्या स्वभावातून आले नव्हते, ‘कर्ज’ या शब्दातून आले होते. एकदा हा शब्द स्वीकारला की, आजारपण हे देणे ठरते, आजारी पडणे ही प्रामाणिक परतफेड ठरते आणि आजार टाळणारा बुडवा ठरतो. मुलाला जपणारी आई थकबाकीदार होऊन बसते. म्हणूनच हा शब्द तपासून घेतला पाहिजे, असे मला वाटते.

कर्ज म्हटले की सावकार आला. इथे सावकार कोण? विषाणू? त्याने आपल्याला कधी काय दिले होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे नेहमीच्या साध्या वर्षात जगात सुमारे १०० कोटी लोकांना फ्ल्यू होतो, ३० ते ५० लाख लोक गंभीर आजारी पडतात, आणि २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे त्यातून उद्भवणाऱ्या श्वसनाच्या विकारांनी मरतात. आमचे स्नेही ज्याला ‘हप्ता’ म्हणतात तो हा. हप्ता भरणारेही सारखे नसतात. धडधाकट माणूस चार दिवस पांघरूण घेऊन पडतो आणि उठतो. दम्याचा रोगी, म्हातारा माणूस, तान्हे मूल यांच्याकडून मात्र कधी कधी मुद्दलासकट सारेच वसूल होते. ज्या देण्यात सबळाला पै आणि दुबळ्याला सर्वस्व भरावे लागते, त्याला कोणता न्यायी माणूस कर्ज म्हणेल? त्याला लूट म्हणतात. आणि लुटारू दोन वर्षे गावात फिरकला नाही, तर गाव त्याचे देणे लागत नाही.

शिवाय, चुकलेले आजारपण पुढे आले तरी ते तेच राहत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्ल्यूची लस देता येत नाही, आणि फ्ल्यूचा मोठा धोका असतो तो अशाच तान्ह्यांना. जो ताप चौथ्या महिन्यात यायचा तो तिसऱ्या वर्षी आला, तर तो दुसऱ्याच मुलाला आल्यासारखा आहे. त्या मुलाचे अंग भरलेले असते, त्याला लस मिळालेली असू शकते, आणि ‘इथे दुखते’ हे त्याला सांगता येते. मधली वर्षे ते हसले, रांगले, बोलू लागले. त्या वर्षांना ‘थकबाकी’ म्हणणे मला पटत नाही. पुढे ढकललेले मरण म्हणजे आयुष्यच. आपण सगळेच त्याच्यावर जगतो.

तरीही आमच्या स्नेह्यांच्या बोलण्यात सत्याचा एक कण आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या दोन वर्षांत ज्या बायका फ्ल्यूला सामोऱ्या गेल्या नाहीत आणि ज्यांनी लसही घेतली नाही, त्यांच्याजवळ पोटातल्या बाळाला देण्यासाठी संरक्षणाची ताजी शिदोरी कमी होती. आईच्या रक्तातून बाळाला पहिल्या काही महिन्यांपुरते हे धन मिळत असते. आपण मोठ्या माणसांनी आपले घर राखले, आणि त्याची तूट थोडीफार त्या बाळांच्या वाट्याला गेली. म्हणजे देणे काहीतरी आहे खरे. ते कोणाचे, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाची दिशा मला ‘इम्युनिटी’ या शब्दातच सापडते. हा शब्द वैद्यकाचा नव्हेच. तो रोमन लोकांच्या कायद्यातला. ‘मुनुस’ म्हणजे नागरिकाने गावासाठी करायचे काम, त्याच्यावरचा भार. ज्याला तो माफ, तो ‘इम्युनिस’. आपल्याकडे ज्याप्रमाणे सारा माफ असलेला इनामदार असे, त्याप्रमाणे. पुढे ज्याला रोग होत नाही त्यालाही हाच शब्द लागला, जणू त्याला आजारपणाचा सारा माफ आहे. आणि त्याच ‘मुनुस’च्या कुळातला दुसरा शब्द आहे ‘कम्युनिस’, म्हणजे सर्वांचा, समाईक. एकाच घरातले हे दोन भाऊ. एक म्हणतो, मला माफी आहे. दुसरा म्हणतो, भार सर्वांचा आहे. फ्ल्यूच्या बाबतीत आपण स्वतःला पहिल्याचे वारस समजतो, आणि जगत असतो दुसऱ्याच्या आधाराने.

‘मला कधी ताप येत नाही’ असे छातीवर हात मारून सांगणारे गृहस्थ प्रत्येक कुटुंबात एक तरी असतात. सकाळचे फिरणे, थंड पाण्याची आंघोळ, कडुलिंबाचा रस, अशी कारणेही ते देतात. चांगल्या सवयींना मी नावे ठेवत नाही. पण आपल्या प्रतिकारशक्तीत आपली कमाई किती आणि केवळ जन्मसालाचा योग किती, हे पाहिले म्हणजे छातीवरचा हात आपोआप खाली येतो. १९१८ साली जी मानमोडीची साथ आली, तिने एकट्या हिंदुस्थानात किती माणसे नेली, याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढेपर्यंत जातात. त्या विषाणूचे वंशज पुढे १९५७ पर्यंत माणसांत फिरत राहिले. त्या काळात जी मुले जन्मली त्यांची फ्ल्यूशी पहिली ओळख या कुळाशी झाली. अमेरिकेतील शास्त्रज्ञ थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० साली असे मांडले की, बालपणी प्रथम भेटलेल्या फ्ल्यूची छाप शरीरावर जन्मभर राहते. या छापेला त्यांनी ख्रिस्ती धर्मशास्त्रातल्या ‘मूळ पापा’चे नाव दिले, कारण ती नव्या विषाणूला ओळखण्याच्या आड येते. पण हे पाप कधी पुण्याईही ठरते. २००९ साली स्वाइन फ्ल्यू आला. देशातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात नोंदला गेला, तिथल्या शाळा आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली, हे पुष्कळांना आठवत असेल. त्या साथीत जगभर एक विलक्षण गोष्ट दिसली. तरुणांना ती जितकी लागली तितकी म्हाताऱ्यांना लागली नाही. अमेरिकेत तपासले तेव्हा साठीच्या पुढच्या सुमारे एकतृतीयांश लोकांच्या रक्तात या नव्या विषाणूला ओळखणारी द्रव्ये आधीच होती. ती त्यांच्या बालपणातून आली होती. आणि त्या बालपणीचा फ्ल्यू मानमोडीच्या कुळातला होता. नव्वद वर्षांपूर्वीच्या आकांताची एक बारीकशी शिल्लक या आजोबांच्या रक्तात राहिली होती. ती त्यांनी कमावली नव्हती, मागितली नव्हती, आणि आपल्याजवळ आहे हे त्यांना ठाऊकही नव्हते.

माझे आरोग्य हे असे पुष्कळशा अनोळखी माणसांनी मिळून भरलेले भांडे आहे. मग या भांड्यात मी काय घालायचे? आजारी पडून भर घालणे हा एक मार्ग झाला. पण त्यात वाटेत दुबळ्यांचा बळी जातो. दुसरा मार्ग लशीचा. याबाबतीत जपानने केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो.

जपानने १९६२ पासून शाळेतल्या मुलांना फ्ल्यूची लस टोचायला सुरुवात केली. १९७७ पासून ती सक्तीची झाली. कल्पना अशी की, साथ शाळेतून घराघरांत जाते, तेव्हा ती शाळेतच अडवावी. पुढे लशीच्या त्रासाबद्दल आणि तिच्या उपयोगाबद्दल शंका निघाल्या. १९८७ साली पालकांना नकार देण्याची मुभा मिळाली आणि १९९४ साली कार्यक्रम थांबला. त्यानंतर काही अभ्यासकांनी त्या साऱ्या वर्षांतले मृत्यूंचे आकडे मांडून २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. मुलांना लस मिळत होती त्या काळात हिवाळ्यात होणारे जास्तीचे मृत्यू, मुख्यतः म्हाताऱ्यांचे, पुष्कळ घटले होते आणि लस थांबताच ते पुन्हा वाढले. त्यांच्या हिशेबाने वर्षाकाठी ३७,००० ते ४९,००० मरणे टळत होती. सुमारे ४२० मुलांना लस दिली की एक जीव वाचत होता. या आकड्यांवर पुढे वादही झाले. पण त्यातला मुद्दा नंतर कॅनडातल्या हटराइट लोकांच्या वसाहतींतही दिसला. २००८-०९ साली तिथे मुलांना लस दिली, तेव्हा लस न घेतलेल्या इतरांनाही फ्ल्यू कमी झाला.

हे वाचले तेव्हा मला आपली खुलभर दुधाची कहाणी आठवली. राजाने दवंडी पिटली की, महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा, सगळे दूध देवळात आणा. लोकांनी मुलांच्या तोंडचे आणि वासरांच्या वाटणीचे दूध नेऊन ओतले, तरी गाभारा भरेना. एका म्हातारीने घरातल्या पोराबाळांना पाजले, वासरांना पाजले आणि उरलेले खुलभर दूध नेऊन ओतले, तेव्हा गाभारा भरला. आमच्या स्नेह्यांची ‘पोरांना आजारी पडू द्या’ ही राजाची दवंडी आहे. मुलांना उपाशी ठेवून गाभारा भरत नाही. मुले राखली की म्हातारीकोतारी आपोआप राखली जातात, असे जपानातले आकडे सांगतात.

पण इथे एक काटा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आजीच्या जिवासाठी नातवाच्या दंडात सुई टोचण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, असे तत्त्वज्ञ कान्ट सांगून गेला. मूल तर संमतीही देऊ शकत नाही. मी या आक्षेपाचा पुष्कळ विचार केला आहे. मला ‘केवळ’ या शब्दात उत्तराची वाट दिसते. लशीने मुलाचाही लाभ होतो; पूर्ण नव्हे, कारण फ्ल्यूची लस विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षीसुद्धा सुमारे शंभरांतली चाळीस ते साठ आजारपणे टाळते. पण होतो. आणि ते मूल स्वतःही काही आकाशातून पडलेले नाही. पहिले सहा महिने ते आईच्या रक्तातल्या शिदोरीवर आणि भोवतालच्या मोठ्या माणसांनी अडवलेल्या तापावर जगलेले असते. तेव्हा त्याचीही संमती कोणी विचारली नव्हती, आणि घेणाऱ्याची ऐपतही पाहिली नव्हती. तरीसुद्धा ज्याचे घेतो त्याला समजावून सांगितले पाहिजे, ही कान्टची अट मी सोडणार नाही. लस दिली तर दुखरा दंड दिसतो. टळलेला मृत्यू दिसत नाही. जपानातल्या एकाही आजीला ठाऊक नव्हते की, ती कोणत्या मुलांमुळे त्या वर्षीचा वसंत पाहते आहे. आणि मुलांना ठाऊक नव्हते की, त्यांच्यामुळे कोण वाचले. दिसणारा त्रास आणि न दिसणारे पुण्य यांच्या झगड्यात त्रास जिंकतो. म्हणून या बाबतीत सक्तीपेक्षा सांगणे महत्त्वाचे, आणि तेच आपण सर्वांत कमी करतो.

आता त्या देण्याकडे परत येऊ. आपल्या परंपरेने माणूस जन्मतःच ऋणी मानला: देवांचा, ऋषींचा, पितरांचा. या कल्पनेतली खुबी अशी की, यांपैकी कोणतेही ऋण जिथून आले तिथे परत जात नाही. पितृऋण बापाला रोख मोजून फिटत नाही. ते पुढची पिढी वाढवून फिटते. ऋषिऋण शिकून आणि शिकवून फिटते. बँकेच्या कर्जाचे तोंड मागे असते, या ऋणाचे पुढे. कोविडच्या दोन वर्षांत आपल्याला न आलेल्या तापाचे जे काही देणे असेल, ते याच जातीचे आहे, असे मला वाटते. विषाणूला आपण काही लागत नाही. लागतो ते त्यानंतर जन्मलेल्या बाळाला, श्वासाला पारख्या झालेल्या शेजाऱ्याला, आणि ज्यांची नावेही आपल्याला कधी कळणार नाहीत अशा माणसांना.

आणि ते फेडायचे मार्गही फार साधे आहेत. खोकला असेल तर चार दिवस घरी राहावे, आणि आपल्या हाताखालच्यालाही पगार न कापता घरी राहू द्यावे. परवडत असेल त्याने दरसाल लस घ्यावी, विशेषतः घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस असेल तर. यंदाच्या फराळाला एखादा पुतण्या आला नाही आणि ‘सर्दीताप आहे, आजीला नको’ असा त्याचा निरोप आला, तर त्याला शिष्ट म्हणू नये. त्याच्या वाटणीच्या करंज्या डब्यात भरून ठेवाव्यात. आजीला बहुधा कळणारही नाही की, त्या दिवशी तिला कोणी काही दिले.